जागरणाचा हिशेब

कोजागरीच्या रात्री आपण गच्चीवर बसून आटीव दूध पितो आणि बारा वाजेपर्यंत जागल्याचा पराक्रम सकाळी शेजाऱ्यांना सांगतो. लक्ष्मी त्या रात्री 'को जागर्ति?' असे विचारीत फिरते आणि जो जागा असेल त्याला धन देते, ही कथा लहानपणापासून आपल्या कानांवर आहे. ज्याने ती पहिल्यांदा सांगितली त्याच्या डोळ्यांपुढे वखारीची राखण करणारा व्यापारी असेल, किंवा खळ्यावर पडलेला शेतकरी. रात्रभर जागून दुसऱ्याचे धन वाहून नेणारा ट्रक-ड्रायव्हर त्याच्या काळी नव्हता. तो असता तर लक्ष्मीची थोडी पंचाईतच झाली असती. कारण हा गृहस्थ वर्षाच्या बहुतेक रात्री जागाच असतो आणि धन मात्र ज्याच्या नावाची बिल्टी फाटते त्याच्या घरी जाते.

हा विचार मनात घोळू लागला तो एका तरुणामुळे. मुलगा खामगावकडचा. पुण्याला शिकला, चार वर्षे तिथेच नोकरी केली, आणि आता गावी परतून स्वतःचा उद्योग उभारण्याच्या खटपटीत आहे. अशा उद्योगाला हल्ली स्टार्टअप म्हणतात. आपल्या योजनेचा कागद तो ओळखीच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवतो आणि म्हणतो, "काका, यातली खोट काढा." मालवाहतूक करणाऱ्या लहान मालकांसाठी सुरक्षिततेचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर तयार करायचे, अशी त्याची कल्पना आहे. गाडी निघण्यापूर्वी ड्रायव्हरने मोबाईलवर बारा प्रश्नांची उत्तरे द्यायची: टायरमध्ये हवा आहे काय, ब्रेक नीट लागतो काय, मागचे दिवे पेटतात काय, ताडपत्री आवळून बांधली आहे काय. गाडी किती तास चालली आणि किती वेळ उभी राहिली याची नोंद आपोआप होत राहील. केबिनमधला एक चिमुकला कॅमेरा ड्रायव्हरच्या पापण्यांवर नजर ठेवील. त्या मिटू लागल्या की तिथे घंटा वाजेल, आणि इकडे खामगावात मालकाच्या उशाशी असलेला फोनही वाजेल. गाडीमागे महिना चारशे रुपये.

धंदा म्हणून ही कल्पना चालेल की नाही हे सांगणारी माणसे निराळी, आणि ती बहुधा पुण्या-मुंबईच्या थंडगार खोल्यांत बसतात. मी तो कागद दोनदा वाचला आणि मला एक साधाच प्रश्न धरून बसला. ही वस्तू विकत घेणार मालक. ती डोळ्यांपुढे बाळगायची ड्रायव्हरने. तिच्यामुळे जीव वाचायचा तो समोरून मोटारसायकलवर बायकोमुलांसह येणाऱ्या कुणा तिसऱ्याचाच, आणि आपला जीव वाचला हे त्याला कधी कळणारही नाही. जो पैसा देतो त्याला गुण दिसत नाही, आणि ज्याला गुण येतो तो पैसा देत नाही. साबणाचे किंवा छत्रीचे असे नसते. न झालेला अपघात कुणी पाहिलेला नसतो. त्याची किंमत मालकाने कुठल्या रकान्यात लिहायची?

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मेहकर आणि सिंदखेडराजा हे तालुके त्याच्या वाटेवर आहेत. जिजाऊंच्या जन्मगावाजवळून जाणारा हा रस्ता पाहायला त्या दिवसांत लोक सहकुटुंब जात. कुणी पुलावर उभे राहून फोटो काढीत. पुढे सात महिनेही झाले नव्हते. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली. ती डाव्या अंगावर पडली, म्हणजे जिकडे दार होते त्याच अंगावर. डिझेलने पेट घेतला. आतल्या ३३ जणांपैकी २५ जण गेले. मृतदेहांची ओळख पटेना, म्हणून त्यांतील बहुतेकांवर बुलढाण्यातच एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले. टायर फुटला, असे चालकाने सांगितले; परिवहन खात्याच्या तपासणीत तशी खूण आढळली नाही आणि डुलकीचा संशय पुढे आला. आरोप आणखीही झाले. त्यांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, निबंध लिहिणाऱ्याचे नव्हे.

त्या दिवसांत 'महामार्ग-संमोहन' हा एक नवा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. रस्ता सरळ, रुंद, आडवे कुणी येत नाही. बैल नाही, शाळेतून सुटलेले पोर नाही, खड्डासुद्धा नाही. डोळ्याला काही कामच उरत नाही, आणि काम नसलेला डोळा हळूहळू आत वळतो. रस्ता सुरू झाला तेव्हा विसाव्याच्या आणि खाण्यापिण्याच्या सोयी तोकड्या होत्या, ही तक्रारही तेव्हा सर्वतोमुखी होती. वळणावळणांचा जुना रस्ता माणसाला जागा ठेवीत असे. चहाची टपरी तर त्याहूनही अधिक. ही सुधारणेची निंदा समजू नये. मेहकरच्या रोग्याला मोठ्या इस्पितळात लवकर पोचवणारा रस्ताही हाच. पण ज्या सोयीने गाडीचा वेग वाढला त्याच सोयीने चालकाच्या जागेपणाचा एक आधार काढून घेतला, आणि त्या आधाराच्या जागी काय ठेवायचे याचा विचार मागाहून सुरू झाला.

माझ्या तरुण मित्राच्या कागदावर या अपघाताचा उल्लेख अगदी पहिल्या परिच्छेदात आहे. ते साहजिकच आहे. पण याच तालुक्यातली दुसरी एक घटना त्याच्या कागदावर नव्हती, आणि मला ती अधिक विचार करायला लावणारी वाटते. २० ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे हा महामार्ग बांधला जात असताना, त्याच कामासाठी लोखंडी सळया घेऊन जाणारा एक टिपर उलटला. सळयांवर मजूर बसलेले होते; पोटासाठी परप्रांतांतून आलेले. तेरा मजूर दगावले. आता या टिपरवर आपल्या मित्राचे सॉफ्टवेअर बसवलेले होते अशी कल्पना करा. हवा ठीक, ब्रेक ठीक, दिवे ठीक, ड्रायव्हर जागा. बाराही प्रश्नांची उत्तरे बरोबर आली असती. कारण मालाच्या गाडीवर माणसे किती बसली आहेत, हा तेरावा प्रश्न तिथे नव्हताच. मालगाडीत माणसे नसतात असे आधीच धरून चाललेले होते. वहीत ज्याचे नाव नाही त्याची काळजी वही कशी घेणार? मी हे बोललो तेव्हा त्याने लगेच पेन काढून प्रश्न वाढवला. वाढवला ते चांगलेच झाले. पण चौदावा प्रश्न कोणता, हे त्याला किंवा मला आज ठाऊक नाही. तो ज्याला ठाऊक असेल तो सळयांवर बसलेला असणार, आणि त्याला विचारण्याची सोय कागदात कुठेच नव्हती.

या निमित्ताने मला एका इंग्रज गृहस्थाची आठवण झाली. त्याचे नाव सॅम्युएल प्लिमसोल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जहाजमालक जुनी, मोडकळीस आलेली जहाजे मालाने ठासून भरीत आणि त्यांचा भरपूर विमा उतरवीत. जहाज पोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा मिळे. बुडणाऱ्या खलाशांचे काय, हा प्रश्न हिशेबात नव्हता. लोक या जहाजांना शवपेट्या म्हणत. पार्लमेंटचा सभासद असलेल्या प्लिमसोलने वर्षानुवर्षे झगडून १८७६ मध्ये असा कायदा करवून घेतला की प्रत्येक जहाजाच्या अंगावर एक रेषा रंगवलीच पाहिजे आणि ती पाण्याखाली जाईल इतका माल भरता कामा नये. किती सोपी युक्ती! धक्क्यावर उभ्या असलेल्या निरक्षर हमालालाही ती रेषा वाचता येते. पण कायद्यात एक मेख राहिली. रेषा कुठे काढायची हे मालकावर सोडलेले होते. एका बहाद्दराने म्हणे ती जहाजाच्या धुराड्यावर काढली. रेषेची जागा कायद्याने पक्की व्हायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

आपल्या मित्राच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी एक रेषा आहे. 'सलग किती तास चालवल्यावर सूचना द्यावी?' असा एक चौकोन त्यात आहे, आणि त्यात आकडा घालायचा मालकाने. त्याने आठ घातला तर आठ, सोळा घातला तर सोळा. "ग्राहकाला मोकळीक द्यावी लागते," असे त्याचे म्हणणे. मी त्याला धुराड्याची गोष्ट सांगितली. तो हसला, पण मग बराच वेळ बोलला नाही.

तसे पाहिले तर आपल्याकडे ही रेषा कायद्याने फार पूर्वीच काढलेली आहे. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू. ज्याच्या दोनच गाड्या आणि दोनच ड्रायव्हर, तो आपसूक बाहेर राही. पुढे २०२० च्या कामगार-संहितांत हा कायदा सामावून घेण्यात आला आणि आठ तासांचे तत्त्व तसेच राहिले. तत्त्वाला कुणाचाच विरोध नसतो. खामगावहून निघालेली सोयाबीनची गाडी मात्र तत्त्वाला विचारून चालत नाही. ती पोचण्याची वेळ अगोदर ठरते आणि तासांचे गणित त्यात मागाहून बसवले जाते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवालात छापलेले आहे. त्यांतली किती अशा गणितापायी गेली हे कोण वेगळे काढणार?

रेल्वेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला, आणि ती रीत पाहायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्टेशनांवरून मुंबई–नागपूर गाड्या रात्रंदिवस धावतात. आजच्या इंजिनात एक उपकरण असते: चालकाने सुमारे मिनिटभर कशालाच हात लावला नाही की दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही तो हालला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. माझ्या मित्राच्या कॅमेऱ्याचे हे थोरले भावंडच म्हणा. पण रेल्वेने नुसते उपकरण बसवून हात झटकले नाहीत. भुसावळला गाडी सोपवून उतरणाऱ्या चालकासाठी तिथे विश्रांतिगृह असते, त्यात खाट असते, जेवण मिळते, आणि त्याला पुन्हा कामावर कधी बोलवायचे याचे नियम असतात. तिथेही तक्रारी असतील. कामगारसंघटना त्या करीत असतातच. तरी तिथे झोपेची जागा आधी ठरली आणि मग जागे राहण्याची सक्ती आली. ट्रकवाल्याला आपण भोंगा तेवढा देऊ करतो आहोत.

मलकापूरजवळच्या एका ढाब्यावर मी एका वयस्क ड्रायव्हरला कॅमेऱ्याची ही कल्पना समजावून सांगितली होती. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "झोप काय इचारून येते का भाऊ? डोये उघडेच रायतात, पन मानूस आत नसते. घंटी काय वाजवता, खाट द्या."

खाट हा मुद्दा नीतीचा आहे असे चटकन कुणाला वाटणार नाही. आपल्या परंपरेत जागरणाला पुण्य आहे आणि झोपेला कुंभकर्णाची उपमा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा मुलगा आईला कौतुकाचा वाटतो. चोवीस तासांत नागपूरहून मुंबई गाठून परतणारा ड्रायव्हर मालकाला वाघ वाटतो. पण झोप ही इच्छाशक्तीच्या ताब्यातली गोष्ट नव्हे. जी गोष्ट माणसाच्या ताब्यात नाही तिच्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. मात्र ती टाळता येण्याजोगी परिस्थिती ज्याच्या ताब्यात होती त्याला दोष देता येतो. डुलकी लागली त्या क्षणी ड्रायव्हर जबाबदार नसतो. ती लागणारच अशी फेरी ज्याने आखली, आणि ती ज्याने पत्करली, ते जबाबदार असतात; आणि पत्करणाऱ्याला नाही म्हणता येत होते काय, हे पाहिल्याशिवाय दोघांची वाटणी करता येत नाही.

युरोपात हे तासांचे भांडण फार जुने आहे. तिथे मालमोटारींत तास आणि वेग नोंदणारे यंत्र बसवण्याचा नियम १९७० मध्ये झाला. आरंभी घड्याळासारख्या गोल कागदी चकतीवर ते रेघा उमटवीत असे. इंग्लंडच्या ड्रायव्हरांनी त्याला 'केबिनमधला हेर' म्हणून कडकडून विरोध केला. आज तिथे सलग साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते. आपल्याकडे या नियमांची वाखाणणी पुष्कळ होते, पण त्याच नियमांतले एक कलम फारसे कुणी सांगत नाही. किती अंतर कापले किंवा माल किती लवकर पोचवला यावर ड्रायव्हरला असे पैसे देता येत नाहीत, की ज्यामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. म्हणजे यंत्राने तास मोजायचे आणि भत्त्याने ते मोडायला शिकवायचे, हा दुटप्पीपणा त्यांनी निदान कागदावर तरी बंद केला. आपल्याकडे भत्ता फेरीवर आहे. ज्याचे पोट फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे त्याच्या पापण्यांवर कॅमेरा रोखणे म्हणजे भुकेल्याच्या घशाशी बोट धरून तो गिळतो की काय ते पाहणे होय.

असे असूनही मी त्या तरुणाला हा नाद सोडून दे असे म्हणालो नाही. त्याच्या कल्पनेत एक गोष्ट अशी आहे की जिचे मोल त्याला स्वतःलाही कळलेले नसावे. आजवर मालकाजवळ एक वाक्य असे: 'मला काय माहीत?' गाडी कुठे होती, ड्रायव्हर किती तास जागा होता, ब्रेकची कुरकुर त्याने सांगितली होती काय, यातले काही मालकाला ठाऊक नसे; आणि ठाऊक नसणे सोयीचे असे. रात्री दोन वाजता त्याच्या उशाशी फोन वाजला आणि ड्रायव्हरचे डोळे मिटत असल्याचे त्याला कळले, की ते वाक्य त्याच्यापाशी राहत नाही. तो उठून ड्रायव्हरला 'गाडी बाजूला घे आणि झोप' म्हणतो, किंवा कूस बदलतो. कूस बदलली तर ती नोंदली जाते. पुष्कळसे मालक हे सॉफ्टवेअर घ्यायला नाखूश असतील ते चारशे रुपयांसाठी नव्हे. आपल्याला काय काय कळेल या धास्तीने. ज्याला ही धास्ती वाटते त्याची सदसद्विवेकबुद्धी जिवंत आहे असे मी मानतो. फोन दिवसा वाजला तर घेतो आणि रात्री बंद करून ठेवतो अशा माणसाची मात्र मला खरी भीती वाटते, आणि त्याच्यासाठी कुठलेही सॉफ्टवेअर होणे नाही.

राहता राहिले ते बारा, आता तेरा, प्रश्न. त्याने मला मोबाईलवर ते करून दाखवले. ठीक, ठीक, ठीक. अर्ध्या मिनिटात आटोपले. मी विचारले, "एखाद्याने 'नाही' असे उत्तर दिले तर पुढे काय होते?" तो म्हणाला, "मालकाला लाल खूण दिसते." "आणि मग?" "मग मालक ठरवील." यातच सगळे आले. 'नाही' म्हटल्यावर गाडी उभी राहणार, फेरी बुडणार, भत्ता जाणार आणि वर दोन शिव्या मिळणार असतील, तर तिसऱ्या दिवसापासून सगळे ड्रायव्हर ब्रेक न पाहता 'ठीक'वर बोट ठेवतील. मग त्या यंत्राचे एकच काम उरेल: खोटी साक्ष वेळेसह जपून ठेवणे. अपघात झाला की मालक ती न्यायालयात दाखवील आणि म्हणेल, पाहा, यानेच लिहून दिले होते. ड्रायव्हरच्या रक्षणासाठी काढलेली वही त्याच्याच गळ्यात अडकवायला उपयोगी पडेल.

विमानाच्या क्षेत्रात ही अडचण ओळखून अमेरिकेत १९७६ मध्ये एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने आपल्या हातून होता होता राहिलेली चूक कळवायची. कळवणाऱ्याचे नाव पुसून टाकले जाते आणि प्रामाणिकपणे कळवलेल्या चुकीबद्दल त्याला बहुधा दंड होत नाही. हे काम विमानकंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याकडे न देता नासा या दुसऱ्याच संस्थेकडे सोपवले, कारण दंड करणाऱ्याच्या हाती कुणी कबुलीजबाब देत नाही. मी तरुणाला म्हटले, तुझ्या सॉफ्टवेअरची किंमत 'ठीक'वर किती बोटे पडली यात नाही. 'नाही'वर बोट ठेवणाऱ्याचा त्या दिवसाचा भत्ता चालू राहतो काय, एवढ्यावरच ती ठरेल. तसा करार मालक करील तर त्याला सॉफ्टवेअर दे. करणार नसेल तर चारशे रुपये घेऊ नकोस. हा सल्ला धंद्याच्या दृष्टीने वाईट आहे हे मला कळते. त्यालाही कळले, त्याने कागदावर काही लिहिले नाही.

पण नंतर कळले की त्याने आपल्या मामांच्या चार गाड्यांवर ही व्यवस्था चालू केली आहे, आणि भत्त्याची अट मामांनी भाच्याच्या हट्टापायी मान्य केली आहे. पहिले पंधरा दिवस सगळे 'ठीक'च होते. मग एका पोराने ब्रेकपुढे 'नाही' केले. गाडी सोयाबीन भरून उभी होती. मिस्त्री आला, लायनर खरोखरच झिजलेले निघाले, ते बदलायला दुसरी दुपार झाली. तोवर व्यापाऱ्याने माल उतरवून दुसऱ्याच्या गाडीत भरला होता. पोराला भत्ता मिळाला. बुडालेले भाडे कुणी सोसायचे याबद्दल मामांचे म्हणणे असे की ज्याने सॉफ्टवेअर आणले त्याने; भाच्याचे म्हणणे, ज्याची गाडी आणि ज्याचे लायनर त्याने; आणि पोराची आई म्हणते की व्यापाऱ्याने, कारण अर्धा दिवस थांबायला त्याचे काय जात होते. दिवाळीच्या हिशेबापर्यंत तरी त्यांचे हे ठरलेले नव्हते.